पुकूवर दिवा धरत नाहीत

"पुकूवर दिवा धरत नाहीत," असं म्हणत झेलिपानं हरणांच्या कळपावरचा झोत झटकन उचलला. "त्यांचे डोळे दिपतात. मग सिंहीण जवळ आली तरी दिसत नाही."

ओबर्गबाईंनी कॅमेरा खाली घेतला. "बरोबर आहे. माझ्या फोटोपायी कुणाचा जीव जायला नको."

उघडी जीप लुआंग्वा नदीच्या काठानं सावकाश चालली होती. चालवणारा लुंगू झेलिपाच्या वडिलांच्या वयाचा. ती त्याला बांबो म्हणायची.

"बिबट्या दाखव गं पोरी," तो म्हणाला. "नाहीतर बाई परत जाऊन सांगतील, लुआंग्वात नुसत्या शेपट्या असतात."

"निरोप धाडलाय, बांबो. अंघोळ उरकून येतो म्हणाला."

तो हसला, पण दोघांनाही माहीत होतं की आजची फेरी साधी नाही. बाई कॅम्पच्या जुन्या पाहुण्या होत्या. त्या खूश होऊन गेल्या, तर दिवा धरायची झेलिपाची नोकरी पक्की होणार होती.

अडचण एकच होती. तिचा नवरा, योबे. तो पूर्वी तारेचे फास लावून पुकू मारायचा. डावखुरा असल्यानं त्याच्या गाठीला उलटा पीळ पडे, आणि त्या पिळावरूनच तो पकडला जाऊन तुरुंगात गेला होता. ज्याच्या घरात शिकारी, त्याच्या हाती दिवा नाही, हा कॅम्पचा नियम. लुंगूनं मालकिणीकडे शब्द टाकला होता: योबे सुधारलाय, रात्रभर मक्याची राखण करतो, हत्ती हाकलतो.

ते खोटंही नव्हतं. आज संध्याकाळी जीप झेलिपाच्या शेतावरून आली, तेव्हा रिकामे डबे टांगलेलं तारेचं कुंपण वाऱ्यावर खुळखुळत होतं.

"बरंच वाढलं की," लुंगू म्हणाला होता. "एवढी तार आणतो कुठून?"

"भंगारातून." योबेनं तिला जे सांगितलं होतं, तेच तिनं सांगितलं.

नदीच्या वळणावर दिव्याचा झोत एका झुडपाखालून सरकला आणि तिथे एक डोळा चमकला. एकच. हिरवट, गुडघ्याच्या उंचीवर.

"थांबा!" ओबर्गबाई कुजबुजल्या. "काय आहे ते?"

डोळा किंचित तिरका झाला. एका डोळ्यानं नीट बघायचं असलं की मान जशी वळवावी लागते, तसा.

झेलिपानं तो डोळा ओळखला. योबेनं फास लावणं सोडलं त्या आठवड्यात कुत्र्याचं एक पिल्लू घरी आणलं होतं. त्याचं नाव ठेवलं सियानी, म्हणजे 'सोडून द्या'. कुत्र्याला हाक मारली की, जुनं सोडून द्या, हे शेजाऱ्यांच्याही कानावर पडावं, असा त्यात डाव होता. पुढे विष थुंकणाऱ्या नागानं सियानीचा उजवा डोळा घालवला.

जनावराचे डोळे दिव्यात चमकतात, माणसाचे नाहीत. कुत्र्याशेजारी कोण उभं आहे, ते दिव्याला कळलं नसतं. तिला कळलं.

तिनं झोत नदीकडे वळवला.

"पुकू. तोंड वळवून उभा आहे, म्हणून एकच डोळा दिसला. सोडून द्या."

लुंगूनं ब्रेकवरचा पाय काढला नाही. "पुकू?"

"पुकू, बांबो."

"कळपातून एकटाच इकडे?"

तिनं झोत नदीवरच ठेवला. थोड्या वेळानं गाडी निघाली.

"रखवालदार वैतागलेत," लुंगू समोर बघत म्हणाला. "या काठाला झाडांच्या बुंध्यांवर तारेचे वळ दिसतात, पण फास एकही हाती लागत नाही. कुणीतरी उजाडायच्या आत काढून नेतो."

बिबट्या दिसला नाहीच. उतरताना ओबर्गबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा मात्र पडलेला होता.

लुंगूनं तिला शेताच्या वाटेपर्यंत सोडलं. "मालकीण सकाळी मला विचारेल, पोरी."

"तुम्हाला जे वाटलं ते सांगा, बांबो."

शेकोटीपाशी योबे बसला होता. विजार गुडघ्यापर्यंत ओली. सियानी शेपूट हलवत तिच्याकडे धावला, तिनं त्याला हातही लावला नाही.

"आलीस? जेवायला मक्याचा न्शिमा झाकून ठेवलाय. भोपळ्याची पानंही आहेत."

"कुठे होतास?"

"इथेच. हत्ती—"

"हत्तींचं नाव घेऊ नकोस." तिनं त्याच्या ओल्या विजारीकडे बोट दाखवलं. "तुझ्यापायी मी आज बांबोशी खोटं बोलले. ज्यानं माझ्यासाठी शब्द टाकला, त्याच्याशी! किती मारलेस, योबे?"

योबेनं मागचं पोतं ओढून उलटं केलं. तारेची वेटोळी भसाभस बाहेर पडली.

"भंगार," ती म्हणाली. "हेच ना तुझं भंगार?"

त्यानं एक तार उचलली, कुंपणाच्या शेवटच्या खुंटाला गुंडाळली आणि तिला एक डबा अडकवला. जणू रोजचंच काम.

झेलिपानं कमरेची विजेरी काढून त्या तारेवर धरली. मोकळ्या टोकाला फासाची गाठ तशीच होती. तिनं प्रकाश पुढच्या तारेवर नेला. तिथेही गाठ. मग ती कुंपणाच्या कडेनं चालत सुटली, अगदी जुन्या, गंजलेल्या तारांपर्यंत, एकेका गाठीवर प्रकाश धरत.

योबेच्या हातचा उलटा पीळ एकाही गाठीला नव्हता.