तिसरा प्रश्न

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरनं ओट्याशी मोबाइल उभा केला, की त्याच्या बायकोच्या हातातली भांडी आपोआप मोठ्यानं वाजू लागायची. पडद्यावर नर्सबाई यायच्या. दोघं एकाच फ्रेंचच्या क्लासला. परदेशातल्या नोकरीच्या मुलाखती तोंडावर आलेल्या, म्हणून मास्तरांनी जोड्या लावून दिल्या होत्या. रोज एकमेकांना विचारायचं: कामावर काय करावं लागायचं, काय करता यायचं, आणि मनातून काय करायचं होतं.

"जोड्या म्हणे!" बायको कढईला म्हणाली.

आज तो बराच वेळ बोलत होता. नर्सबाई आधी हसल्या, मग त्यांनी चक्क डोळे पुसले. बायकोनं नळ बंद केला. घरात मिठाची गुळणी धरून बसणारा हा माणूस, आणि तिकडे परक्या बाईला रडवतो?

फोन बंद होताच ती वळली. "एवढं काय सांगितलंत तिला?"

"अगं, अभ्यास तो. कामाचा अनुभव."

"मग मलाही सांगा की. मराठीत."

त्यानं कान खाजवला. "शाफ्ट कातावे लागायचे. केसाइतकाही फरक न पडता कातता यायचे."

"ते गल्लीला पाठ आहे. रडली कशानं ती?"

तो ओट्यावरचं पाणी बोटानं पसरवत राहिला. "मला घड्याळं दुरुस्त करायची होती. छोटं दुकान. जागासुद्धा बघून ठेवली होती. मग राहिलंच ते."

त्याचा दुखरा गुडघा कोणता, तो कुठल्या कुशीवर घोरतो, सगळं तिला माहीत होतं. हे मात्र आधी नर्सबाईंना कळलं होतं.

"आणि मला इतक्या वर्षांत एका शब्दानं नाही?"

"तिथे विचारतात गं. विचारलं की सांगावं लागतं."

तिनं पदराला हात पुसले आणि त्याच्या समोर बसली.

"विचारा मला. तो शेवटचा प्रश्न. तिला विचारता तसाच, फ्रेंचमध्ये."

"तुला काय कळणार?"

"विचारा तर."

तो ताठ बसला, तिच्या डोळ्यांत बघून त्यानं हळू, स्वच्छ विचारलं, आणि क्लासात शिकवल्याप्रमाणे उत्तराची वाट पाहत थांबला.

 

"थांबा जरा," ती म्हणाली. "आठवू द्या."