बारवेची मंजुरी

नारूच्या जंताचं टोक दोऱ्याइतकं जाड होतं आणि शिजलेल्या शेवईसारखं पांढरं. बायनाबाईंनी ते घोट्याजवळच्या फोडातून हलक्या हातानं ओढलं. समोर बसलेल्या भावानं खिशातली पितळी मोजपट्टी काढून नव्यानं निघालेल्या भागाला लावली आणि मान हलवली. मग बायनाबाईंनी कडुनिंबाच्या काडीवर अर्धा वेढा दिला आणि थांबल्या. जास्त ओढलं तर नारू तुटतो, आणि तुटला की पाय सडतो. उरलेला उद्या, परवा, असा महिनाभर काढायचा.

पाय त्यांनी एका लाकडी खोक्यावर ठेवला होता. खोक्यात बारवेवर बसवायचं लोखंडी चाक होतं. बारवेच्या पायऱ्या फोडायच्या, काठाला भिंत घालायची आणि चाकावरून दोरानं पाणी ओढायचं. म्हणजे नारूचा पाय पाण्यात बुडत नाही आणि पिणाऱ्याच्या पोटात नारू जात नाही. आजूबाजूच्या गावांत अशी चाकं केव्हाच बसली होती. तिथं आता नारू औषधालाही सापडत नव्हता. या गावाचं चाक आलं, मंजुरी तेवढी आली नाही. खोक्यावर कोंबड्या बसत, आणि उन्हाळ्यात बायनाबाईंचा पाय.

ही सगळी युक्ती त्यांच्या भावाची, दिनकररावांची. ते हैदराबादेत विद्यापीठात जीवशास्त्र शिकवत. आधी त्यांनी नारू पाण्यातून कसा पसरतो यावर ग्रंथ लिहिला, मग कारखान्यात चाक घडवून घेतलं, मग सरकारकडून त्याचा कायदा करवून घेतला. शास्त्र, यंत्र आणि कायदा एका सूत्रात ओवणारा माणूस, असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. दर उन्हाळ्यात ते चुडाव्याच्या ठेसनावर उतरून बैलगाडीनं गावी येत. पोट नाजूक, म्हणून पिण्याचं पाणी सोबत आणत.

"यंदा गावात किती जणांना झालाय, आक्का?"

"झालेले कशाला मोजतोस, उभे किती ऱ्हायलेत ते इचार. मिरग तोंडावर आलाय. चंद्रभानच्या दोनी पायांत हाय. तिफण काय म्या धरू?"

चंद्रभान, त्यांचा एकुलता एक मुलगा, ओसरीवर भिंतीला टेकून पडला होता. त्यानं डोळे उघडले नाहीत.

"आन ती मंजुरी?" बायनाबाईंनी विचारलं.

"सरकारी काम आहे. वेळ लागतो."

बायनाबाई अंगणात पचकन थुंकल्या. गावाचा कागद ज्याच्या टेबलावर अडला होता, तो हैदराबादचा बाबू त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण त्यांना तो पाठ होता. मऊ तळहात, तोंडात पान, पायात मोजे, कधी चिखल न लागलेली बोटं. सही करायलाही ज्याला कंटाळा येतो असा माणूस. दरवर्षी काडीवर वेढा देताना त्या त्याला नवी शिवी देत.

"त्या फुकट्याला एक डाव हितं घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मारीत न्हाई त्याला. बारवेचं पानी पाजते निसतं."

दिनकरराव पट्टी रुमालानं पुसत होते. "शिव्या देऊन कागद हलत नाही, आक्का."

"तुझ्या गोड बोलन्यानं तरी कुठं हालला? तू त्याच्याम्होरं लय मऊ बोलत असशील. ल्हानपनापासून तसाच हाईस."

एका वर्षी चंद्रभान चिडून पहार घेऊन बारवेत उतरला होता. दोन दगड निघाले नाहीत तोच तहसिलीतून शिपाई आला. सरकारी बारव, परवानगीबिगर हात लावायचा नाही, म्हणाला. पोराला धरून नेलं. दिनकरराव तेव्हा गावीच होते. त्यांनी मध्ये पडून भाच्याला सोडवून आणलं, दगड मात्र होते तसे पुन्हा बसवून घेतले. बायनाबाईंनी तेव्हा भावाची दृष्ट काढली होती. एवढा शिकलेला माणूस, आणि एक दीडदमडीचा बाबू त्याला झुलवतो, याचा त्यांना भावापेक्षा जास्त अपमान वाटे.

किशनराव पाटील लगबगीनं अंगणात आले. हातात तार होती.

"साहेब, ठेसन मास्तरनं वाचून सांगितलं. तुमी विद्यापीठाचे वैस चान्सलर झालात. वरून सरकारचे सल्लागार बी. गावाचं नाव काढलंत."

दिनकररावांनी तार दोनदा वाचली. घडी घालून पट्टीच्या खिशात ठेवली.

"तुमच्या चाकानं सरकारला लय पटवलं म्हना की," पाटील म्हणाले.

"चाक बसवलं तिथं नारू गेला. नाही बसवलं तिथं राहिला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. मग कुणीच हरकत घेतली नाही."

बायनाबाई हसल्या. उन्हाळाभरात पहिल्यांदाच.

"मंग आता त्यो बाबू तुझ्या हाताखाली आला. त्याला आधी घरी बशिव, दिनू. आन आमची मंजुरी दे. माझा पाय गेला तर गेला. चंद्रभानला पेरनी करू दे."

दिनकररावांनी बहिणीचा पाय दोन्ही हातांनी जपून उचलला, जमिनीवर ठेवला आणि खोकं पाटलांकडे सरकवलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक मोठं काम नीट उरकल्याचं समाधान होतं.

"पाटील, उद्या पायऱ्या फोडायला घ्या," ते म्हणाले. "मंजुरी माझीच लागत होती. तुलनेसाठी एक गाव तसंच ठेवायचं होतं, ते काम आता झालं."