अक्षरांपुढचं शून्य

त्या यानाकडून रोज येणारा संदेश आता फक्त प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या सरावापुरता उरला होता. यान निघालं तेव्हा आत एकही माणूस नव्हता. होते गोठवलेले गर्भ आणि पुढे त्यांना वाढवणारी यंत्रं. यंत्रं नुसते आकडे पाठवत: तापमान, दाब, वेग. त्यामुळे तोरणे बाईंच्या वर्गात संदेशातले अंक, अक्षरं आणि मोकळ्या जागा वेगवेगळ्या मोजल्या, की अक्षरांपुढे हमखास शून्य यायचं.

आज हर्षलाच्या पडद्यावर सात आलं.

"मोजायच्या आधी मोजणी शून्यावर आणायला विसरलीस ना?" बाई करवादल्या. "आधीच्या उदाहरणातलं उरलं असणार."

"केलंय, बाई. बघा की."

बाईंनी ती ओळ पाहिली. बरोबर होती. मग त्यांनी मूळ संदेशच उघडला, आणि शेजारची खुर्ची चाचपत त्या खाली बसल्या. आकड्यांच्या गर्दीत मधेच उमटलं होतं: अ अ अ आ अ आ इ.

"यंत्र बिघडलं का, बाई?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "तिथे कुणीतरी जन्मलंय. आणि मुळाक्षरं गिरवायला बसलंय."