हातभर

वहिनींनी पिशवीतून लाकडी मासा काढला आणि कामाच्या टेबलावर, पटाश्यांच्या शेजारी ठेवला.

"हा परत घ्या, भावजी."

निरीक्षकांनी मासा लगेच ओळखला. खवला न् खवला त्यांनीच कोरला होता, महिनाभर खपून. नऊ इंच. त्यात कमी नाही, जास्त नाही.

निरीक्षक म्हणजे वजनमापं खात्यातले, आता निवृत्त. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. सुटीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकून बसायचे, आणि बसायला मिळालं नाही की आधी धरलेले मासे घरी लाकडात कोरायचे. मासा तळ्याकाठीच कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची आणि तेवढाच कोरायचा. रेघेबाहेर केसभरही जायचं नाही. माणसं छंदात जरा सैल होतात, निरीक्षक छंदातही ड्यूटीवरच असत.

वहिनींचा नवरा त्यांचा जिवलग मित्र, पण दुसऱ्या टोकाचा. गळ टाकणाऱ्यांच्या मंडळात त्याला सगळे 'हातभर' म्हणत, कारण हातभरापेक्षा लहान मासा त्याला कधी लागलाच नाही. त्यातही एक मासा खास होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी धरलेला. चाळीस वर्षं तो त्या माशाची गोष्ट सांगत होता आणि मासा पोटच्या पोरासारखा दर वर्षी वाढत होता. साक्षीदार एकटे निरीक्षक, आणि त्यांच्याकडे त्या माशाच्या मापाचा जुना कागद होता.

मंडळाच्या गेल्या वार्षिक जेवणात हातभरने पुन्हा ती गोष्ट काढली. दोन्ही हात पसरले, तेवढ्यात निरीक्षकांनी खिशातून हा नऊ इंची मासा काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. मंडळ पोट धरधरून हसलं. हातभरही हसला. मासा रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेला आणि पुन्हा मंडळात आला नाही. तीन आठवड्यांनी झोपेतच गेला.

त्याला आता दोन महिने झाले होते. निरीक्षक रडले नव्हते. खांदा दिला, घरी आले, जेवले. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. फक्त एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"रागावला होता का माझ्यावर?"

"रागावले असते तर बरं होतं," वहिनी म्हणाल्या. "हे गप्प झाले. तीन आठवड्यांत माझ्याशी एक थाप मारली नाही त्यांनी. बाहेर पाऊस आहे का विचारलं, तर 'थोडा आहे' म्हणायचे. थोडा! ह्यांच्या तोंडून!"

निरीक्षकांनी मासा उचलला, उलटा करून पाहिला.

"माप बरोबर आहे, वहिनी."

"मला सांगताय? तो मासा मी तळलाय, भावजी. दोघांत अर्धा अर्धा खाल्ला आम्ही, आणि वर नुसता भात घेतला."

निरीक्षक बघतच राहिले. चाळीस वर्षं ही बाई तोंडातून चकार शब्द न काढता ती गोष्ट ऐकत आली होती.

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? ते सांगायचे, मी ऐकायची. आमच्या घरात त्याला संसार म्हणायचे."

वहिनी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. बसायला आल्याच नव्हत्या.

"मला तो मासा पाहिजे," त्या म्हणाल्या. "हा नाही. ह्यांनी सांगितलेला."

"त्याचा कागद नाही माझ्याकडे. मापाशिवाय मी..."

"माप मी देते ना."

त्यांनी दोन्ही पंजे छातीसमोर धरले. "पहिल्या वर्षी एवढा होता." पंजे लांब गेले. "थोरली झाली तेव्हा एवढा." आणखी लांब. "नोकरी गेली होती ना ह्यांची, तेव्हा एकदम एवढा झाला." पिशवी मनगटावरून कोपरापर्यंत घसरली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. हात जेवढे पसरता येतील तेवढे त्यांनी पसरले. "शेवटी शेवटी एवढा. लवकर मोजा, खांदा दुखतो माझा."

निरीक्षकांनी टेप घेतली. एक टोक वहिनींच्या डाव्या हाताच्या बोटांत धरायला दिलं आणि टेप सोडत उजव्या हातापर्यंत गेले. आयुष्यात हजारो मापं घेतली होती, पण हे घेताना मध्ये काहीच नव्हतं. नुसती हवा होती.

टेपवर चार फूट दहा इंच भरले. ते त्यांनी दोनदा वाचले.

"पाच फूट दोन," निरीक्षक म्हणाले.

वहिनींनी मान वळवून टेपकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"एका लाकडात नाही व्हायचा, वहिनी. जोड द्यावा लागेल."

"द्या," त्या म्हणाल्या.

टेप गुंडाळून झाली, टेबलावर ठेवून झाली, तरी वहिनींचे हात तसेच पसरलेले होते.