यंदा काय खपतंय?

"दुसरी जोडी," गिऱ्हाईक डोळे मिटूनच म्हणालं. "बाई माझ्या शेजारी उभी राहून गातेय."

ऑर्मरॉडला आनंदाने उडी मारावीशी वाटली. हॅलिफॅक्समधल्या आपल्या दुकानात तो स्पीकर असेच ऐकवायचा, पडद्याआडून. नाव दिसलं नाही की कान इमानाने काम करतात. दुसरी जोडी होती सिडनेची. टेकडीवरच्या शेडमध्ये एकट्याने, हातांनी बनवलेली. सिडने स्वतः कोपऱ्यात चहाचा कप धरून बसला होता. या महिन्यात चार जोड्या गेल्या नाहीत तर शेडला कुलूप लावून त्याला पुन्हा गालिच्यांच्या गिरणीत जावं लागणार होतं.

पडदा सरला. गिऱ्हाइकाने सिडनेची जोडी पाहिली आणि काखेतलं, स्पीकरांना तारे देणारं मासिक उघडलं. तिचं नाव कुठेच नव्हतं. पहिल्या जोडीला, लॉरिमर कंपनीच्या, पाच तारे होते. त्याने लॉरिमर घेतली.

"कान माझे आहेत हो," तो ओशाळून म्हणाला, "पण घरी येणारा प्रत्येक जण तारेच विचारतो."

हे ऑर्मरॉडचं रोजचं मरण होतं. तारे आले की माल भरायचा, नाही भरला तर गिऱ्हाईक थेट लीड्सच्या मोठ्या दुकानांत. आताही मागच्या खोलीत लॉरिमरच्या बावीस पेट्या छताला टेकल्या होत्या. सिडनेनेही मासिकाकडे एक जोडी पाठवून पाहिली होती. ती परत आली तेव्हा सुतळीची त्याने मारलेली गाठसुद्धा कुणी सोडलेली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. लंडनहून त्याच मासिकाचे परीक्षक पिम बोलत होते. वार्षिक यादीचं काम चाललं होतं. ऑर्मरॉडने भीड सोडून सांगितलं, एकदा सिडनेचे स्पीकर ऐका तरी. पिम मोठ्याने हसले.

"ऑर्मरॉडसाहेब, इथे दीडशे पेट्या येऊन पडतात. ऐकत कुठे बसू? मी तुम्हा दुकानदारांना विचारतो आणि तारे देऊन टाकतो. बोला, यंदा काय खपतंय?"

ऑर्मरॉड थिजला. इतकी वर्षं तो ज्याच्या तालावर नाचत होता, तो बाबा त्याच्याच तालावर नाचत होता! आता एक नाव घ्यायचं, की काम झालं. पिमचा आवाज खणखणीत होता. सिडनेला सगळं ऐकू गेलं होतं. तो कप खाली ठेवून उभा राहिला.

ऑर्मरॉडने तोंड उघडलं. सिडनेला तारे मिळाले तर लॉरिमरचे जाणार. मग त्या बावीस पेट्यांना कुत्रं तरी विचारील का? आणि शेवटी विचारलं होतं काय खपतं ते. चांगलं काय, हे कुठे विचारलं होतं?

"लॉरिमर," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मान वर करायची त्याची छाती होईना. सिडनेने टोपी घातली, कोटाची बटणं लावली आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर आहे, गड्या. खरं तेच सांगितलंस."

त्यात टोमणा नव्हता. असता, तर ऑर्मरॉडला निदान भांडता तरी आलं असतं.