सहा कारकून आणि एक मशीन

"बाई, उचला बेलभंडार. पाच जणांनी उचलला, तुमचाच हात राहिला हाय," कोंडाजी म्हणाला.

बँकेच्या महाड शाखेचं शटर खाली आलं होतं. टेबलावर ताटलीत वीरेश्वराच्या देवळातून आणलेला बेल आणि भंडारा होता. चंद्रभागाबाईंनी त्याकडे पाहिलं आणि पर्स खांद्याला लावली.

"आमच्यात हे चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. अर्ज करणार नाही म्हणाले ना? माझा शब्द पुरे."

"शब्द!" चंदू हसला. "नुसत्या शब्दावर कर्ज देतो का आपण कुणाला?"

बाई शटरखालून वाकून बाहेर पडल्या. त्या गेल्यावर कोंडाजी बराच वेळ शिव्या घालत होता.

सत्त्याऐंशी साल होतं. त्या सकाळी मुंबईहून परिपत्रक आलं होतं, की खातेवह्या यापुढे मशीन लिहील. चालवायला एकच माणूस पुरे. ज्याला शिकायचं असेल त्याने महिनाभरात थेट मुंबईला अर्ज करावा. निवड झाली की तो महाडातच राहील. बाकीच्यांतले जे जास्त ठरतील, त्यांच्या बदल्या. एकही अर्ज आला नाही तर मशीन दुसऱ्या शाखेला जाईल. युनियनच्या कोंडाजीने हे शेवटचं वाक्य पकडलं होतं. सहाही कारकून गप्प बसले, तर मशीन येत नाही आणि कुणी हलतही नाही.

महिपतने भंडारा कपाळाला लावून शपथ घेतली होती, आणि अगदी मनापासून घेतली होती. तेवीस वर्षं तो खातेवह्या लिहीत होता. बिरवाडीपासून कापड्यापर्यंत कुठला अंगठा कुणाचा, हे तो कागद उजेडात न धरता सांगे. ते सगळं एका पत्र्याच्या पेटीला यायला लागणार, या विचाराने त्याचा जळफळाट होई.

पण त्याची बायको सुंदराबाई पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका होती. दोघांनी नुकतंच तिथे घर बांधलं होतं. उद्या त्याला चांद्याला नाहीतर गडचिरोलीला टाकलं तर?

बाराव्या दिवशी त्याने अर्ज लिहिला. महाडच्या पोस्टातली माणसं रोज बँकेत चहाला येत. पाकिटावरचा पत्ता संध्याकाळच्या आत बाजारपेठेत पोचला असता. म्हणून तो पोलादपूरच्या पोस्टात गेला आणि रजिस्टर करून वळला. मागे रांगेत चंद्रभागाबाई उभ्या होत्या. त्या कापड्याच्या, रोज पोलादपूरला एसटी बदलत. हातात लांब पाकीट होतं.

"काय बाई, इकडे कुठे?"

"भावाला कागद पाठवतेय. तुम्ही?"

"मेव्हण्याला."

दोघांनीही एकमेकांच्या हाताकडे पाहायचं टाळलं.

घरी जाईपर्यंत महिपतची खात्री झाली होती. बाईने अर्ज केला होता. आणि तिने त्याला पाहिलं होतं. ती बोलायच्या आत आपण बोललं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्याने कोंडाजीला बाजूला घेतलं. "काल पोलादपूरच्या पोस्टात बाई दिसल्या. हातात लांब पाकीट."

कोंडाजी दचकला. "पोलादपूरच्या? किती वाजता?"

"साडेपाच असतील."

"काल ना? नक्की कालच?" कोंडाजीने मान हलवली आणि मग त्याचा आवाज चढला. "बघ! बेलभंडार उचलला नाय तेव्हाच मी वळखलं!"

"तुमचं बरंच असतं हो त्या पोस्टात जाणं-येणं," मागे उभा राहून ऐकणारा चंदू महिपतला म्हणाला, आणि पटकन पंख्याचं बटण दाबायला उठला.

त्या दिवसापासून चहाचे पाचच कप येऊ लागले. बाई समोरून गेल्या की कुणीतरी "मशीनबाई!" अशी हाक घाली. त्यांच्या ट्रेमधल्या स्लिपांवर एकदा शाई सांडली; कुणी सांडली ते कळलं नाही. दुपारी त्या डबा घेऊन चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसत आणि बरोबर दोनला परत येत. महिपत सगळ्यांत पुढे होता. त्यांनी मागितलेली खातेवही तो हातात देत नसे, टेबलावर आपटे.

एकदा त्यांनी ती वही तशीच राहू दिली.

"महिपतराव, पोस्टात आणखी कोण होतं ते सांगू का यांना?"

"सांगा की. तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"ठेवतील. पिसाळलेल्या माणसांना काय, कुणीही चालतं." बाईंनी वही ओढून घेतली. "पण नाही सांगणार. मला तुमच्यासारखं व्हायचं नाही."

 जागेवर जाताना महिपत मोठ्याने म्हणाला, "तोंड बघा, चोरावर मोर!" बाकीचे हसले. कोंडाजी सगळ्यांत जास्त.

महिना संपला. पुढच्याच आठवड्यात मॅनेजर सयाजीरावांनी सहाही जणांना केबिनमध्ये बोलावलं. ते मुंबईहून नवीन आलेले. शपथ झाली तेव्हा रुजूही झाले नव्हते. समोर मुख्य कार्यालयाचं पत्र उघडं होतं.

महिपतने मनात वाक्य तयार ठेवलं होतं, की अर्ज बायकोने परस्पर पाठवला. एक दिवस लाज वाटेल, शिव्या पडतील, मग महाड आपलं. शेजारी कोंडाजी रुमालाने चष्मा पुसत होता. चंदू दाराला टेकून नखं खात होता. बाई भिंतीशी वेगळ्या उभ्या होत्या.

"मला वाटलं होतं, इथली युनियन आडवी येणार," सयाजीराव हसत म्हणाले. "पण मुंबईवाले एकदम खूश! एवढा उत्साह त्यांना कुठल्याच शाखेत दिसला नाही म्हणे. एकाऐवजी दोन मशीनं मंजूर केलीत."

कोंडाजीचा रुमाल चष्म्यावरच थांबला.

"सहा कारकून आणि पाच अर्ज!" त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि भिंतीकडे पाहिलं. "चंद्रभागाबाई, एकट्या तुम्हीच कशा हो मागे राहिलात?"