वंदन गाळलेलं पत्र

“वंदन कुठे आहे?” एतेवाती साहेबांनी पत्राची प्रत यानेताच्या टेबलावर ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

यानेताने प्रत उचलून वाचली. साहेबांनी सांगितलेलं दीड पानी पत्र पाच ओळींचं झालं होतं. सुरुवातीचं वंदन, म्हणजे त्या गावाच्या मानकऱ्यांचे किताब, त्यांची घराणी, कोणाचा मान आधी आणि कोणाचा नंतर, सगळं गेलं होतं. उरलं होतं एवढंच: तुमच्या जमिनीतून वरच्या वस्तीला पाण्याचा नळ न्यायचा आहे, कृपया संमती द्यावी.

काल संध्याकाळी ईमेल पाठवताना कडेला एआय मदतनीसाने विचारलं होतं, ‘हे थोडक्यात करू का?’ तो रोजच विचारायचा. बैठकीची टिपणं तो काढायचा, तक्ते तो जुळवायचा, त्याच्या जिवावर आपिया या बेटावरच्या शहरातल्या नळयोजनेच्या कचेरीत यानेताची कामं चारलाच आटपायची. तिने सवयीने ‘हो’ दाबलं होतं आणि चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला निघून गेली होती. वाचायचं राहूनच गेलं.

“यंत्राला काय कळणार म्हणा,” साहेब हळूच म्हणाले. साहेब आवाज चढवत नसत, म्हणून जास्त लागायचं. “पण यानेताबाई, तुम्ही तर इथल्याच. तुमच्या आजोबांना कुणी म्हटलं, ए, जरा सरक, तर चालेल?”

“नाही साहेब.”

“आपण अख्ख्या गावाला तेच म्हणून बसलोय.”

त्या गावाने आधीच्या चार पत्रांना उत्तर दिलं नव्हतं. चारही साहेबांनी स्वतः सांगून लिहून घेतली होती, मानाच्या वंदनासकट. महिनाअखेरपर्यंत संमती आली नाही तर नळाचे पाइप दुसऱ्या बेटावर जाणार होते. आणि वरच्या वस्तीत यानेताची आई राहायची. दुखरा गुडघा घेऊन ती रोज सकाळी झऱ्यावर उतरायची आणि दोन बादल्या घेऊन चढायची.

“माफी मागायला जायचं,” साहेब म्हणाले. “उद्याच.”

सकाळी कचेरीतली प्रार्थना झाली. यानेताने त्यात आईचं नाव दोनदा घेतलं. मग दोघं पिकअपने निघाली. मागे माफीचा नजराणा म्हणून डबाबंद मासळीची दोन खोकी आणि एक बारीक विणीची चटई. साहेबांनी ठेवणीतली लुंगी नेसली होती आणि वाटभर ते वंदन पुटपुटत होते. मध्येच थांबून म्हणाले, “तुमच्या मदतनीसाला विचारा बरं, माफी किती ओळींची असते.”

“विचारलं साहेब. त्याने तीन नमुने दिले.”

“त्यातला सगळ्यात मोठा कुठला?”

“चार ओळींचा.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “देवा, सांभाळ रे,” ते म्हणाले.

सभेचं घर चारी बाजूंनी उघडं होतं. एकेका खांबाला पाठ टेकून मानकरी बसले होते. गावाच्या वतीने बोलायचा मान ज्यांचा, ते म्हातारे वक्ते पुढे होते. गुडघ्यावर माश्या हाकायचा काथ्याचा झुपका, समोर पत्र. नवं, पाच ओळींचं. यानेता कडेला मांडी घालून बसली आणि तिने मान खाली घातली.

साहेबांनी घसा खाकरला आणि वंदन सुरू केलं. काय त्यांचा आवाज, काय तो ठेहराव. एकेक किताब ते असा उच्चारत होते, जणू ओंजळीतून पाणी सांडू नये. पण दोन-तीन मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने तोंडावर पंखा धरला. वंदन संपून साहेब माफीकडे वळणार, तोच वक्त्यांनी हात वर केला.

“माफी कशाची?” ते म्हणाले. “तुमचं पत्र परवा संध्याकाळी पोचलं. काल सभा बसली. नळ न्या तुम्ही. पावसाळ्याआधी खोदायला लागा.”

यानेताने मान वर केली. आईच्या बादल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या, रिकाम्या, भिंतीशी उपड्या घातलेल्या.

साहेबांना मात्र राहवेना. “मोठी कृपा,” ते म्हणाले. “पण एक विचारू? आधीची चार पत्रं पोचली नव्हती का?”

“पोचली ना. चारही जपून ठेवलीत.” वक्त्यांनी गुडघ्यावरचा झुपका उचलून खांद्यावर टाकला. “वंदन फार सुंदर असायचं हो त्यात. आत्ता म्हणालात ना, तेच. अक्षर न अक्षर बरोबर. फक्त ते आमचं नाही. आमच्या शेजारच्या गावाचं आहे.”

साहेबांचे कान हळूहळू लाल झाले. शेजारच्या गावाचं काम कचेरीने दोन वर्षांपूर्वी केलं होतं, आणि तेच वंदन साहेबांच्या तोंडात बसलं होतं.

यानेताला गप्प बसवेना. “मग आबा, तेव्हाच दोन शब्द कळवायचे होते ना आम्हाला.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं.

“शेजाऱ्याला आलेल्या पत्राला आपण उत्तर द्यायचं, पोरी, ते बरं दिसतं का?”